आधी तिथी, मग तिकीट

रविवारच्या पुरवणीतली सहलींची कुठलीही जाहिरात घ्या. बँकॉक-पट्टाया, सिंगापूर-मलेशिया, बाली, दुबई, श्रीलंका, व्हिएतनाम आणि अलीकडे जपान. नावं वर्षानुवर्षं तीच, फक्त क्रम बदलतो. नावांबद्दल माझी काही तक्रार नाही. ही ठिकाणं लोकप्रिय आहेत आणि बहुतेकदा ती लोकप्रियता त्यांनी कमावलेली आहे. माझी तक्रार आहे ती खाली बारीक अक्षरांत छापलेल्या निघण्याच्या तारखांबद्दल. त्या ठरतात आपल्या शाळांच्या सुट्ट्यांवरून. त्या आठवड्यात तिथे पाऊस असेल की ऊन, जत्रा असेल की सामसूम, याचा विचार करायला जाहिरातीत जागा नसते. घरातही ‘यंदा कुठे?’ यावर आठ दिवस चर्चा होते, आणि ‘कधी?’ हा प्रश्न ऑफिसच्या रजेवर सोडून दिलेला असतो.

म्हणून या पुस्तकाची मांडणी देशवार नाही. पाच भाग आहेत: दिवाळी, नाताळ, पाडवा, मे महिना आणि पावसाळा. त्यामुळे श्रीलंका तीनदा भेटते, थायलंड दोनदा, आणि एखाद्याला फक्त व्हिएतनामबद्दल वाचायचं असेल तर त्याची गैरसोय होते. ती मला मान्य आहे. सुट्टी बदलता येत नसेल तर देश बदलावा, आणि देश पक्का असेल तर निदान किनारा बदलावा, एवढंच मला या शेकडो पानांत सांगायचं आहे. त्यासाठी लागणारं बरंचसं ज्ञान मराठी घरात आधीपासून आहे. पाऊस आपल्याला कळतो आणि कालनिर्णय भिंतीवर असतंच.

आधी पावसाचं बघू. नैऋत्येकडून येणारा जून ते सप्टेंबरचा पाऊस कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तोच वारा श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्याला आणि थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत आणि क्राबीला झोडपतो. ऑक्टोबरच्या सुमारास वारा फिरतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. महाराष्ट्रात तो जमिनीवरून येत असल्याने कोरडा असतो, म्हणून आपण त्याला पाऊस म्हणून ओळखतच नाही. पण बंगालच्या उपसागरावरून किंवा दक्षिण चिनी समुद्रावरून जाताना तो पाणी उचलतो आणि पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या किनाऱ्यांवर ओततो. आशियातल्या समुद्रकाठच्या सुट्ट्यांचं निम्मं गणित या दोन वाऱ्यांत आहे.

श्रीलंका हे त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा देश, पण मधोमध डोंगर असल्यामुळे त्याचे दोन किनारे आळीपाळीने भिजतात. डिसेंबर ते मार्च गॉल, बेंटोटा, मिरिस्सा इथला समुद्र शांत असतो, आणि मिरिस्साहून होडीने गेलं तर निळा देवमासा दिसण्याची खरी शक्यता असते. मे ते सप्टेंबरमध्ये तिकडे लाटा उसळतात. तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमालीला जावं. कोनेश्वराचं देऊळ कड्याच्या टोकावर आहे आणि जवळच्या निलावेलीचा किनारा उथळ नि स्वच्छ आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन बेंटोट्याला जाऊन हॉटेलच्या खिडकीतून लाल झेंडा पाहत बसणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. बसने एका दिवसाच्या अंतरावर दुसरा किनारा ऊन खात पडलेला होता. थायलंडचंही तसंच. दिवाळीपासून पुढे क्राबी उघडते, पण त्याच सुमारास पलीकडच्या आखातातलं कोह समुई भिजायला लागतं आणि डिसेंबरपर्यंत भिजत राहतं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियन बेटं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंदच असतात.

आता दिवाळी. या सुट्टीत व्हिएतनामचा मध्यभागही विकला जातो आणि नेमका तोच तेव्हा जोखमीचा असतो. होई आन हे तिथलं जुनं बंदर. पिवळ्या भिंती, लाकडी घरं, जपानी पूल, रात्री रंगीत कंदील. 1999 पासून जागतिक वारसा. पण थू बोन नदीच्या काठचं हे गाव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराच्या पाण्यात असू शकतं. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत भिंतीवर त्या त्या वर्षीच्या पुराच्या खुणा करून ठेवलेल्या आहेत, त्या पाहिल्या की कल्पना येते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होई आन जसं असतं तसं बघावं. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवतात आणि कंदिलांवर भागवतात. ती रात्र गाठता आली तर उत्तम.

दिवाळीत जायचंच तर कंबोडियाला जावं. पाऊस नुकताच ओसरलेला, भात पिकत आलेलं आणि अंकोरच्या परिसरातलं पाणी काठोकाठ भरलेलं. हे पाणी महत्त्वाचं आहे. अंकोर म्हणजे नुसती देवळं नव्हेत, ती पाण्यावर उभी केलेली राजधानी होती. पश्चिमेचा एकच तलाव सुमारे 8 किलोमीटर लांब आहे. क्बाल स्पीन इथे नदीच्या पात्रातल्या खडकात शेकडो शिवलिंगं आणि शेषशायी विष्णू कोरला आहे, आणि त्यावरून वाहणारं पाणी उन्हाळ्याकडे आटतं. जवळचं तोनले साप हे सरोवर पावसाळ्यात पाच-सहा पटींनी फुगतं. मेकाँग चढली की सरोवरातून निघणारी नदी उलट्या दिशेने वाहू लागते आणि पाणी परत सरोवरात भरतं. दिवाळीच्या आसपास तिथल्या खांबांवरच्या घरांच्या पायऱ्यांना होडी लागते. एप्रिलमध्ये तीच घरं उंच काटक्यांवर उघडी उभी असतात.

अंकोर वाटबद्दल थोडं सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण इतकं प्रसिद्ध देऊळ इतक्या घाईने पाहिलं जातं. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात बांधलेलं हे विष्णूमंदिर पश्चिमाभिमुख आहे. पहाटे साडेपाचला तळ्याकाठी मोबाइल उंचावून उभी असलेली गर्दी शिखरांमागून सूर्य उगवताना पाहते आणि नाश्त्यासाठी हॉटेलात परतते. त्यांना जाऊ द्यावं आणि आपण आत शिरावं. पूर्वेकडच्या ओवरीत दक्षिणेच्या अंगाला समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, सुमारे 49 मीटर लांब, आणि सकाळची उन्हं त्याच्यावर येतात. एका टोकाला असुर, दुसऱ्या टोकाला देव, मध्ये विष्णू, वर नाचणाऱ्या अप्सरा, खाली घुसळलेल्या पाण्यात तुकडे झालेले मासे. पश्चिमेच्या ओवरीतलं कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध दुपारनंतर पाहावं. शरपंजरी भीष्म शोधायला मराठी मुलाला वाटाड्या लागत नाही. आजीकडून ऐकलेलं पुरतं. युरोपियन प्रवासी हातातल्या पुस्तकात बघून जे ओळखतात ते आपल्याला लांबूनच कळतं, आणि हा फायदा आपण वापरत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो. तीन दिवसांचा घ्यावा. एका दिवसात अंकोर वाट, बायोनचे चेहरे आणि ता प्रोमची झाडं उरकणाऱ्या सहलींत लोकांना दुपारनंतर एक देऊळ दुसऱ्यापासून वेगळं सांगता येत नाही.

कालनिर्णयाचा उपयोग आता सुरू होतो. दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला आपण त्रिपुर लावतो. त्याच पौर्णिमेच्या सुमारास थायलंडमध्ये लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानाफुलांची आरास, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ती नदीत सोडतात. चियांग माईला त्याच वेळी कागदी आकाशकंदील उडवतात. कंबोडियात याच दिवसांत नॉम पेनला होड्यांच्या शर्यती असतात, तोनले सापचं पाणी पुन्हा सुलट वाहू लागल्याच्या आनंदात. तीच गोष्ट नवरात्राची. फुकेतमधल्या चिनी वंशाच्या लोकांचा शाकाहाराचा उत्सव चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत येतो, आणि तो बहुतेकदा आपल्या घटस्थापनेच्या आसपास सुरू होतो. 2023 मध्ये दोन्ही 15 ऑक्टोबरला सुरू झाले. गावभर पिवळी निशाणं आणि निव्वळ शाकाहारी गाड्या. मात्र अंगात आलेल्या भक्तांनी गालांतून सळ्या आरपार घातलेल्या असतात, तेव्हा लहान मुलांना मिरवणुकीपासून दूर ठेवावं.

नाताळवर मी फारसं लिहिलेलं नाही. तेव्हा सगळं जग सुट्टीवर असतं आणि दर त्याप्रमाणे असतात. दुबई आणि ओमानची हवा तेव्हा छान असते, श्रीलंकेचा दक्षिण किनारा उत्तम, सिंगापूर नेहमीसारखंच दमट आणि नेहमीसारखंच नेटकं. सिंगापूर मॉलमध्ये संपवू नये. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये एका ताटाच्या भावात चीन, मलाया आणि तमिळनाडू एका टेबलावर येतात. 2020 मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीची वारशात नोंद केली, तेव्हा ते पाहणं म्हणजे वेळ दवडणं नव्हे, असं घरातल्या खरेदीप्रेमींना सांगता येतं.

पाडव्याचा भाग माझा आवडता आहे. बालीतले हिंदू शकवर्ष मोजतात, आपण शालिवाहन शके म्हणतो तेच, इ. स. 78 पासूनचं. मार्च 2025 मध्ये आपल्याकडे शके 1947 लागलं आणि बालीतही 1947. बऱ्याच वर्षी नववर्षाचा दिवस आपल्या पाडव्याच्या दिवशी किंवा एक दिवस अलीकडे-पलीकडे येतो. 2023 मध्ये तो नेमका पाडव्यालाच, 22 मार्चला होता. अधिक मासाच्या हिशेबामुळे 2024 सारख्या काही वर्षांत मात्र जवळपास महिन्याचं अंतर पडतं. साजरा करण्याची रीत अगदी उलटी. आपण गुढी उभारून शोभायात्रा काढतो. बालीत नेपीच्या, म्हणजे या नववर्षाच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत कोणी घराबाहेर पडत नाही. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. आंतरराष्ट्रीय विमानतळ पूर्ण दिवस बंद असतो. मोबाइलवरचं इंटरनेटही बंद ठेवतात. पर्यटकांनाही सूट नाही. हॉटेलच्या आवारात राहायचं आणि रात्री पडदे ओढून घ्यायचे. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावाने नेमलेले राखणदार. आदल्या संध्याकाळी मात्र उलट धुमाकूळ असतो. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ ओगोह-ओगोह खांद्यावर घेऊन पोरं नाचवतात. बऱ्याच सहलींत हा दिवस ‘फुकट जातो’ म्हणून टाळतात. मला वाटतं, आठ दिवसांच्या बालीत झुल्यावर बसून काढलेल्या फोटोंपेक्षा हाच दिवस जास्त काळ लक्षात राहील. अंधार इतका असतो की शहरी मुलांना आकाशगंगा पहिल्यांदा तिथे दिसते.

मे महिना सगळ्यांत मोठा आहे, कारण सुट्टीही सगळ्यांत मोठी. बाली आणि जावामध्ये तेव्हा कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. प्रम्बाननच्या देवळांसमोर उघड्या रंगमंचावर रामायणाचं नृत्यनाट्य मे ते ऑक्टोबरमध्येच होतं. पावसाळ्यात ते छपराखाली जातं आणि मागची शिखरं दिसत नाहीत. बोरोबुदुरही तेथून फार दूर नाही. वरच्या मजल्यांवर आता ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, तेव्हा नोंदणी आधी करावी.

जपानबद्दल एक गैरसमज पक्का झाला आहे, की चेरीचा बहर मार्चअखेर संपतो आणि मे महिन्यात जपानला जाणं म्हणजे उशीर. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. टोकियोत मार्चअखेरीस, तोहोकूतल्या हिरोसाकी किल्ल्यात एप्रिलअखेरच्या सुमारास, आणि होक्काइदोतल्या हाकोदातेच्या ताऱ्याच्या आकाराच्या गोर्योकाकू किल्ल्यात मे महिन्याच्या पहिल्या दिवसांपर्यंत. अडचण वेगळीच आहे. 29 एप्रिल ते 5 मे हा जपानचा गोल्डन वीक. सगळा देश गाड्यांमध्ये असतो आणि हॉटेलं दुप्पट भाव सांगतात. 7 मे नंतर जावं. तेव्हा तातेयामाच्या पर्वतमार्गावर बर्फ कापून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती अजून बसपेक्षा उंच असतात. कोयासान डोंगरावर मठात राहावं. हा मठसमूह कूकाई या आचार्याने नवव्या शतकात वसवला. ओकुनोइनच्या दफनभूमीत देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत आणि अनेकांवर सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत. रात्रीचं जेवण बौद्ध भिक्षूंचं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही.

समरकंद आणि बुखारा या सुट्टीच्या पहिल्या पंधरवड्यात बसतात. पुढे पारा चाळिशीकडे धावतो. रेगिस्तानच्या चौकातल्या तीन मदरशांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. उलुगबेगाची वेधशाळा मात्र सहलीत दहा मिनिटांत आटोपतात. तैमूरच्या या नातवाने पंधराव्या शतकात हजारावर ताऱ्यांची सारणी केली. जमिनीखाली वळत गेलेला त्याच्या यंत्राचा दगडी कंस 1908 मध्ये सापडला. दिल्ली-जयपूरचं जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या हाताशी याच सारण्या होत्या. जयपूर पाहिलेल्या माणसाने इथे अर्धा तास तरी द्यावा.

पावसाळ्यात आशियात कुठे जायचं, हा प्रश्न ऐकून लोक हसतात. ओमानच्या सलालाला जावं. जून ते सप्टेंबरमध्ये उरलेलं आखात भाजत असताना आपल्याच नैऋत्य वाऱ्याची कड या डोंगरांना लागते, धुकं उतरतं, भुरभुर पडते आणि वाळवंटाच्या काठावरचे डोंगर हिरवे होतात. आखातातली कुटुंबं केवळ ती भुरभुर अंगावर घ्यायला हजार किलोमीटर गाडी चालवत येतात. ताम्हिणी घाट पाहिलेल्याला त्यांचा आनंद किंचित विनोदी वाटेल, पण दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी घरांना विचारा. श्रीलंकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाचा प्राचीन तलाव आटतो, तळाशी कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी हत्तींचे कळप शेकड्याने जमतात. मालदीवच्या बा अटॉलमध्ये याच वाऱ्याने प्लवक साचतात आणि हनिफारूच्या छोट्या खाडीत मांटा मासे गर्दी करतात. तिथे सिलिंडर लावून बुडी मारायला बंदी आहे, नळी तोंडात धरून वरून पोहायचं.

खाण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. थायलंडमध्ये भाजीतही माशाचा सॉस असतो, मलेशियात कोळंबीचा बेलाचान, जपानमध्ये नुसत्या भाजीच्या कढणातही सुक्या माशाचा अर्क. कट्टर शाकाहाऱ्याने हे जाणून जावं. उलट व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक लोक शाकाहार पाळतात आणि त्या दिवशी साध्या गाड्यांवरही तसं जेवण मिळतं. सहलीबरोबर महाराज नेऊन हनोईत पोहे आणि बँकॉकमध्ये वरण-भात जेवण्याच्या पद्धतीला मी हसत नाही. सत्तरीतल्या आई-वडिलांना त्याशिवाय घराबाहेर काढता येत नाही. पण मांसाहारी माणसाने हनोईत फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून बुन चा खाल्ला नाही, तर त्याची सबब मला पटणार नाही.

गर्दीमुळे नासलेल्या जागाही या पुस्तकात आहेत. हॉलिवूडच्या एका सिनेमाने प्रसिद्ध केलेली थायलंडची माया बे 2018 ते 2022 बंद ठेवावी लागली, तेव्हा कुठे प्रवाळ सावरायला लागलं. आताही दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंद असते. फिलिपिन्सने 2018 मध्ये बोराकाय बेटाला सहा महिने टाळं लावलं. पर्यटकांवर अवलंबून असलेल्या सरकारांनी एवढं धाडस दाखवलं याचं मला कौतुक वाटतं. भूतान मुळातच प्रत्येक रात्रीचं शुल्क घेतं. भारतीयांना 1,200 रुपये. त्यावर कुरकुर करणारे लोक एका बर्गरला त्याहून जास्त मोजून येतात.

मराठीत आशियाचा प्रवास नवा नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ घरोघरी आहे, आणि मीना प्रभूंनी चीन, तुर्कस्तान, इराण स्वतंत्र पुस्तकांतून मराठीत आणले. ती माणसांची पुस्तकं आहेत आणि कधीही वाचावीत. हे पुस्तक निघण्याच्या महिनाभर आधी वाचायचं आहे. चीन, कोरिया आणि पश्चिम आशियाचा मोठा भाग यात नाही. व्हिसाचे नियम आणि दर नाहीत; छापून होईपर्यंत ते बदलतात. ज्यांना शाळेची सुट्टी आडवी येत नाही त्या निवृत्त मंडळींनी सुरुवात पावसाळ्याच्या भागापासून करावी, कारण तेव्हा दर उतरलेले असतात. आणि सणांच्या तारखा मी मुद्दाम दिलेल्या नाहीत. पंचांगावरून अंदाज बांधता येतो, पण एका दिवसाचा फरक पडतो आणि काही वर्षी महिन्याचाही. बालीचं विमान नेपीच्या दिवशी उतरणारच नाही. तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.